पांढरी एक

भाच्यानं फाईल पाठवली तेव्हा माझे हात पिठात होते. मोबाईल ओट्यावर वाजला, खाली त्याचा मेसेज : 'मावशी, कॅसेट साफ झाली. खरखर पूर्ण काढलीय. आजोबांचा आवाज ऐक कसा आलाय.' हात धुतले, कानात हेडफोन घातले आणि तिथंच गॅससमोर उभ्यानं ऐकायला लागले.

खरखर खरंच गेली होती. तीसहून जास्त वर्षं आधी कपाटात, मग माळ्यावर आणि शेवटी ताईकडे बिस्किटांच्या डब्यात पडून राहिलेली ती कॅसेट. तिच्यातून टाळ असे निघत होते की कालच कुणी वाजवलेत. बाबांचा आवाज पुढं आला होता. माझा, नऊ वर्षांच्या मुलीचा, जरा मागं. धृपद झालं, टाळ-मृदंग झाला, आता अंतरा, आणि मी नकळत छाती भरून घेतली. अंतऱ्याआधी बाबा नाकानं श्वास घ्यायचे. मोठा, पहिल्या रांगेला ऐकू जाईल असा. तो आलाच नाही. नुसती शांतता, मग एकदम शब्द. दुसऱ्या अंतऱ्यालाही तेच.

मी भाच्याला फोन लावला. "अरे, आजोबांचा श्वास कुठं गेला?"

"तो खरखरीबरोबर गेला असेल गं मावशी. सॉफ्टवेअर काढून टाकतं तसले आवाज. छान वाटतंय ना?"

छान वाटत होतं, पण बाबा वाटत नव्हते. हे त्याला कसं सांगायचं? त्याला कळायला लागलं तोवर बाबांचं गाणं थांबलं होतं. ते गाताना त्यानं पाहिलेलेच नाहीत. आणि मी तर त्या श्वासावर गायला शिकले.

आमचं घर मिरजेतलं. बाबा शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळनंतर ते आमचे राहायचे नाहीत, भजनाचे व्हायचे. गुरुवारी दत्ताच्या देवळात, एकादशीला विठ्ठलाच्या, कार्तिकात पहाटे काकडा, श्रावणात कुणाकुणाच्या घरी. ताई पेटीवर, मृदंगाला शेजारचे काका, आणि मी बाबांच्या मागं, डाव्या हाताला, तंबोऱ्याच्या भोपळ्याशी गुडघे टेकून. तंबोरा गावातलाच, सतारमेकरांकडून आणलेला. मिरजेत वाढलेल्या मुलांना त्या गल्लीचं अप्रूप नसतं. दुकानाबाहेर पंढरपूरकडचे भोपळे वाळत पडलेले असतात आणि आपण त्यांना वळसा घालून शाळेत जातो. दर्ग्यात गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र रात्र गाणं चालायचं. बाबा आम्हा दोघींना घेऊन जायचे. कोण गातंय हे मला कळत नसे. सतरंजी, गारठा आणि बाबांची शाल एवढं आठवतं.

मागं बसून गाणं हे कुणी शिकवत नाही. बाबांनी मला कधी सांगितलं नाही की इथं सूर धर, इथं सोड. पाठ दिसायची. सदऱ्याच्या मधोमध शिवण होती, ती ताणली की श्वास भरला. खांदे जरासे वर गेले की आता वरच्या सुरावर जाणार. मान डावीकडं झाली म्हणजे मला जागा दिलीय, आता मी घ्यायचं. चेहरा मला दिसतच नसे, पाठच दिसायची. पुढं बसलेल्या माणसांना बाबांचं गाणं ऐकू येत होतं, मला ते येण्याआधी कळत होतं. आज कुणी विचारलं की घरच्या माणसाबरोबर गायल्यानं लहान मुलाला काय मिळतं, तर मी राग, ताल, पाठांतर यांच्या आधी हे सांगेन. एका माणसाचा श्वास पाठ होतो.

आणि झोप. मी किती वेळा त्या बैठकीत झोपले असेन! दहा वाजले की टाळांच्या आवाजातच डोळे मिटायचे. तंबोऱ्याचा भोपळा गालाला लागायचा, तो आतून घुमत असायचा. शेवटच्या आरतीला ताई कोपरानं उठवायची. मला याची लाज वाटे. खूप पुढं, कॉलेजात असताना, लता मंगेशकरांची सोलापूरची आठवण वाचली आणि ती लाज कायमची गेली.

ती आठवण लतादीदींनी अनेकदा सांगितलेली आहे. १९३८ साली सोलापुरात मास्टर दीनानाथांची बैठक होती. मुलीनं हट्ट धरला, मी पण गाणार. वडिलांनी विचारलं, काय गाशील? तिनं खंबावती राग सांगितला. फ्रॉक घातलेली नऊ वर्षांची मुलगी आधी गायली, लोकांनी वाहवा केली, मग दीनानाथ गायला बसले. आणि ते गात असताना ती तिथंच, रंगमंचावर, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली.

या गोष्टीत लोकांना खंबावतीचं कौतुक वाटतं. मला त्या मांडीचं वाटतं. भरलेलं थिएटर, समोर कोण कोण जाणते बसलेले, आणि गाणाऱ्या माणसानं मांडी हलवलेली नाही. ज्यांनी मांडी घालून गायलंय त्यांना ठाऊक आहे, तान घेताना शरीर हलतं, हात फिरतो, वजन इकडचं तिकडं होतं. तिथं मुलीचं डोकं असेल तर गाणं त्या डोक्याभोवतीनं न्यावं लागतं.

त्याच्या आधीचा प्रसंग सांगलीचा आहे. दीनानाथांची बलवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी १९१८ पासूनची, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह काढलेली. घरात शागिर्द, नट, तालमी, येणारे-जाणारे. एका शिष्याला पूरिया धनाश्री राग घोटायला सांगून दीनानाथ बाहेर गेले. तो कुठंतरी चुकत होता. अंगणात खेळणारी पाच-सहा वर्षांची लता आत आली आणि त्याला म्हणाली, असं नाही, बाबा असं गातात. तिनं गाऊन दाखवलं. दीनानाथ परत आले होते आणि दारातून ऐकत होते. घरातच गाणारी आहे आणि मी बाहेरच्यांना शिकवतोय, असं काहीसं त्यांनी बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीला उठवून हातात तंबोरा दिला.

'बाबा असं गातात.' तिला रागाचं नावही धड ठाऊक नसेल तेव्हा, पण कानांनी वडील आधीच उचलले होते. शिकवणी नंतर सुरू झाली. घराण्यात, घरात, कंपनीच्या बिऱ्हाडात वाढणाऱ्या मुलांचं असंच होतं. 'सौभद्रा'त एकदा नारदाचं काम करणारा नट आला नाही, तेव्हा हीच मुलगी उभी राहिली. समोर अर्जुनाच्या वेशात वडील, आणि त्यांच्यापुढं हा एवढासा नारद. वन्समोअर घेतला तिनं. पण मी त्या वन्समोअरपाशी थांबत नाही. तिला नाटकातलं पद येत होतं, संवाद येत होते, कुठं उभं राहायचं ते येत होतं. कुणी तालीम घेतली होती का? विंगेतून बघून बघून आलेलं होतं सगळं.

माझ्या बाजूनं एक गोष्ट इथं लिहायलाच हवी. हे सगळं मला हवं आहे का, असं मला कुणी विचारलं नव्हतं. सहामाहीच्या आदल्या रात्री मी भजनाला बसलेली आहे. मैत्रिणी गोट्या-सागरगोटे खेळताना मी 'जाऊ दे गं, आमचं भजन आहे' म्हणत घरी पळालेली आहे. चौदाव्या वर्षी वर्गातली मुलं टाळ वाजवून दाखवत चिडवायला लागली आणि मी एका गुरुवारी म्हटलं, आज डोकं दुखतंय. पुढच्या गुरुवारीही दुखलं. बाबा काही बोलले नाहीत. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी मला हाकच मारली नाही. तंबोरा ताईनं मागच्या एका बाईंकडे दिला. मी खिडकीतून त्यांना बोळाच्या टोकापर्यंत जाताना पाहिलं. खांद्याला तंबोऱ्याची गवसणी, मागून ताई. मला मोकळं वाटलं. ते मोकळं वाटणं आज इतक्या वर्षांनी टोचतं.

लतादीदींना ती मोकळीक कधी मिळाली नाही. २४ एप्रिल १९४२ ला पुण्यात दीनानाथ गेले. कंपनी आधीच बसली होती, बोलपटांपुढं त्या काळच्या अनेक नाटक मंडळ्या बसल्या तशी. थोरली बारा वर्षांची. तिच्या पाठच्या मीनाताई दहा, आशाताई आठ, उषाताई सहा, आणि हृदयनाथ साडेचार वर्षांचे. त्याच वर्षी मास्टर विनायकांच्या 'पहिली मंगळागौर' या बोलपटात ती तोंडाला रंग लावून उभी राहिली. अभिनय तिला आवडत नव्हता, मेकअप आवडत नव्हता, हे तिनं आयुष्यभर लपवलं नाही. मग कोल्हापूर, विनायकांच्या कंपनीतला पगार, १९४५ ला मुंबई.

ही कथा आपण फार वेळा ऐकलीय आणि ऐकताना आपली नजर थोरलीवरच राहते. मी मधल्यांचा विचार करते, कारण मी धाकटी आहे. आशाताईंनी १९४३ च्या 'माझं बाळ' या बोलपटासाठी पहिलं गाणं म्हटलं तेव्हा त्या फार तर दहा वर्षांच्या असतील. वडिलांचा आवाज आठ वर्षं कानावर पडलेला. आणि हृदयनाथांच्या कानावर? साडेचार वर्षांच्या मुलाला किती आठवणार! त्यांना वडील मिळाले ते बहिणींच्या गळ्यातून आणि काळ्या तबकड्यांवरून. 'शूरा मी वंदिले', 'परवशता पाश दैवे' अशा मोजक्या तबकड्या, प्रत्येक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. नाटकात तास तास रंगणारा माणूस तीन मिनिटांत कोंबलेला. पुढं आशाताईंनी 'मर्मबंधातली ठेव ही' गायलं. ते वडिलांच्या कंपनीच्या 'संन्यस्त खड्ग'मधलं पद. नाटक १९३१ चं, म्हणजे त्यांच्या जन्माच्याही आधीचं. मी ते ऐकते तेव्हा मला नेहमी वाटतं, ही बाई एक पाठ बघून गातेय.

आता श्वासाबद्दल. दीनानाथ ज्या रंगभूमीवर वाढले तिथं पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा होता. तिथं श्वास लपवून चालत नाही. तो वीरश्रीचाच भाग असतो. मुलीच्या वाट्याला मायक्रोफोन आला. लतादीदी सांगत की मायक्रोफोनपुढं श्वास कसा घ्यायचा ते त्यांना संगीतकार अनिल विश्वासांनी शिकवलं. हळूच तोंड बाजूला न्यायचं, श्वास घ्यायचा, परत यायचं. ऐकणाऱ्याला सांधा दिसता कामा नये. त्यांच्या गाण्यांत तो दिसतही नाही. आपल्याला वाटतं, ही बाई श्वास घेतच नाही. वडिलांकडून ज्या गोष्टीनं गाणं सुरू झालं तीच पोटापाण्यासाठी झाकायला शिकावी लागली, असा विचार माझ्या मनात येतो. त्यांना तसं वाटलं असेल की नाही, कोण जाणे. मला वाटतं, कारण माझ्या फाईलमधून तोच झाकला गेला होता.

आमचं रेकॉर्डिंग १९८९ च्या दिवाळीच्या सुट्टीत झालं. भजनी मंडळाच्या लोकांनी वर्गणी काढली होती. कोल्हापुरात एका गृहस्थांनी घराच्या मागच्या खोलीत स्टुडिओ केला होता. भिंतींना गोणपाट, वर अंड्यांचे ट्रे, खाली जाजम. पहाटेच्या एसटीनं गेलो, मांडीवर तंबोरा. पंखा बंद, दार बंद, ऑक्टोबरचा उकाडा. काचेपलीकडून हात खाली आला की सुरू करायचं. कुणी चुकलं की पहिल्यापासून. आठ अभंग, एका बाजूला चार. बाबांना आणि मला मिळून एकच माईक, म्हणून पहिल्यांदाच मी त्यांच्या मागं नव्हते, समोर होते. दोन उशांवर उभी, माईकच्या पलीकडं. आयुष्यात पहिल्यांदा गाताना त्यांचा चेहरा बघितला आणि पहिलाच अभंग मी चुकले. डोळे मिटलेले, कपाळावर शीर. मला ते अनोळखी वाटले. दुसऱ्यांदा चुकले. तिसऱ्यांदा बाबांनी काचेकडं बघून थांबा असा हात केला, माईक जरा वळवायला लावला आणि स्वतः माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. आवाज नीट येणार नाही म्हणून ते गृहस्थ कुरकुरले. मग कसंबसं जमवलं, बाबा अर्धे वळलेले, मी त्यांच्या खांद्याशी. त्यानंतर आम्ही थांबलो नाही. आठवा अभंग संपला तेव्हा बाहेर अंधार होता आणि बाबांनी मला बासुंदी पाजली.

कॅसेट फार खपली नाही. उरलेल्या प्रती कॉटखाली होत्या. नंतर आईनं त्या बायकांना हळदीकुंकवाला वाटल्या.

मंगेशकर भावंडांचं एक गाणं मी वर्षातून एकदा तरी मुद्दाम ऐकते. 'सागरा प्राण तळमळला'. चाल हृदयनाथांची, आणि आवाज पाचही जणांचे. कविता सावरकरांनी १९०९ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर लिहिलेली. 'संन्यस्त खड्ग' हे नाटक याच कवीनं दीनानाथांच्या कंपनीसाठी लिहिलं होतं. म्हणजे वडिलांच्या ओळखीचे शब्द, धाकट्या भावाची चाल आणि सगळी भावंडं एका ठिकाणी. त्या गाण्याबद्दल लोक देशभक्तीच्या अंगानं बोलतात, ते बरोबरच आहे. मी मात्र ओळींच्या शेवटाला कान लावते. भाड्यानं जमवलेल्या कोरसमध्ये ओळीचा शेवट फाटतो, कुणी आधी सोडतं, कुणी नंतर. इथं तो एकदम सुटतो. एका स्वयंपाकघरात वाढलेल्या माणसांना 'आता' असं सांगावं लागत नाही.

आणि मग मीनाताई. मुलांच्या गाण्यांची गोष्ट निघाली की मला आधी त्या आठवतात. 'असावा सुंदर चॉकलेटचा बंगला' ही त्यांची चाल, आणि गाणारी त्यांचीच मुलं, रचना आणि योगेश खडीकर. आम्ही शाळेच्या गॅदरिंगला त्यावर नाचलोय. तेव्हा लक्षात आलं नाही ते आता येतं. चालीत लांब श्वास कुठंच मागितलेला नाही. दोन पावलं, थांबा, दोन पावलं, थांबा. उंच चढाई नाही. आईनं आपल्या मुलांचा दम मोजून ती चाल बेतली असणार. पाच भावंडांत जी थोरलीच्या मागोमाग दहाव्या वर्षी मोठी झाली, तिनं आपल्या मुलांना गाण्यात लहानच राहू दिलं, हे मला फार आवडतं.

बाबा २०१२ मध्ये गेले. शेवटची काही वर्षं आवाज राहिला नव्हता, पण तंबोरा लावून द्यायचा हट्ट असे. मी माहेरी गेले की मी लावत असे. 'काळी एक,' ते म्हणत. त्यांची पट्टी, म्हणजे पेटीवर जिथं ते आपला सा धरायचे ती, आयुष्यभर काळी एक. देवळात काळी एक, काकड्याला घसा बसलेला असला तरी काळी एक. तंबोऱ्यावर तोच सूर इतका बसला होता की खुंट्या आपोआप तिथंच येत.

भाच्याला मी सांगितलं, खरखरीसकट दे. त्यानं बिचाऱ्यानं रात्री बसून मूळची फाईल पाठवली. समुद्रासारखी खरखर, आणि तिच्यात अंतऱ्याआधी तो श्वास. मी तो पुन्हा पुन्हा ऐकला. मग वाटलं, आपण बरोबर गाऊन बघावं. त्या मुलीच्या जागी, डाव्या हाताला. पेटी काढली, काळी एक दाबली. सूर जुळेना. अर्धा सूर खाली होतं सगळं. पांढरी एक.

भाचा म्हणाला, "जुन्या टेपचा वेग कमी झाला असेल मावशी. सुधारून देतो, सोपं आहे."

तसंही असेल. पण बाबांचा आवाज खर्जात मला जरा कोंडल्यासारखा वाटत होता. अभंग खालच्या षड्जावर टेकतो तिथं ते नेहमीसारखे मोकळे नव्हते, आणि टेप हळू झाली म्हणून असं होत नाही. मी ताईला फोन लावला. ती कोथिंबीर निवडत होती बहुतेक, फोन खांद्यावर धरल्याचा आवाज येत होता.

"ताई, कोल्हापूरच्या रेकॉर्डिंगला तू पट्टी कुठली वाजवली होतीस गं?"

"पांढरी एक," ती लगेच म्हणाली. "विसरेन का? चार दिवस आधी बाबांनी सांगितलं. माझी बोटं काळी एकवर बसलेली. सगळे अभंग नव्यानं बसवावे लागले मला. किती रडले होते मी! आणि हे रात्री तारा उतरवत बसलेले."

"पण का?"

"तुझा वरचा गंधार फाटत होता."

मी काहीच बोलले नाही. तीही गप्प होती, नुसती कोथिंबिरीची खसखस.

"तुला नव्हतं माहीत?" ताईनं विचारलं. "सांगू नका म्हणाले होते, घाबरेल ती."